उपवासाचे मोदक : घरबसल्या जोडधंदा

माहूरगडावर नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला उपवास करणारे भाविक मोठ्या संख्येने येतात. आपण त्यांना ओटीचे खण विकतो. मग बिनधान्याचे मोदक का विकू नयेत? शिंगाडा पाण्यातले फळ, बटाटा कंद. दोन्ही धान्य नव्हेत. उकडलेले बटाटे कुस्करून त्यात मावेल तेवढे शिंगाड्याचे पीठ व चिमूटभर सैंधव मळावे. खोबरे-गुळाचे सारण भरून १० ते १२ मिनिटे वाफवावेत.

मात्र गहू दळलेल्या चक्कीवर शिंगाडा दळू नये. चाळणी, भांडीही वेगळी ठेवावीत. गव्हाचा अंश गेला तर गिऱ्हाइकाचा उपवास मोडतो. व्यापारी बंधूंनो, उधारी वसूल होते, गेलेला भरवसा होत नाही.