खिशातील जाणता सोबती

मनुष्याला पाच ज्ञानेंद्रिये आहेत, हे तुम्ही शिकला आहात. स्मार्टफोनलाही अशीच इंद्रिये आहेत असे कोणी म्हटले, तर तुम्हांला कदाचित हसू येईल; परंतु त्यात पुष्कळ तथ्य आहे. कॅमेरा हा त्याचा डोळा आणि मायक्रोफोन हा त्याचा कान. इतकेच नव्हे, तर मनुष्यापाशी नसलेली काही इंद्रियेही या चिमुकल्या यंत्रापाशी आहेत.

अशा यंत्रांसाठी आज्ञावली लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. फोनविषयी लोक माझ्याशी बोलू लागले, की दोन निराळ्या प्रश्नांची ते नेहमी गल्लत करतात असे मला आढळते. फोनला काय काय कळते, हा पहिला प्रश्न. आणि कळलेले तो कोणास सांगतो, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा आज आपण क्रमाने विचार करू.

फोन आडवा धरला, की पडद्यावरील चित्रही आडवे होते. हे त्याला कसे समजते? त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोलून धरलेला असतो. फोन कलला, की पृथ्वीच्या आकर्षणामुळे तो भार किंचित सरकतो. ते सरकणे विजेच्या साहाय्याने मोजून वरची बाजू कोणती व खालची कोणती, हे फोन ओळखतो. चालताना तो तुमची पावले मोजतो, तीही याच युक्तीने. बोलताना फोन कानाशी नेला, की पडदा मालवतो; कारण जवळ काही आल्याचे जाणणारे एक इंद्रिय तेथे बसविलेले असते.

परंतु सर्वांत नवलाचे इंद्रिय म्हणजे जागा ओळखणारे. अमेरिकेच्या जीपीएस या योजनेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. निदान २४ उपग्रह सदैव चालू राहावेत, अशी ही योजना आहे. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक असे अणुघड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे,’ असा संदेश तो अखंड पाठवीत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने, धावतो. तरीही आपल्यापर्यंत पोहोचावयास त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेशास किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती दूर आहे, हे फोन ताडतो. अंतरे तीन उपग्रहांची मिळाली तरी जागा सांगता आली असती. पण फोनमधील घड्याळ तितके अचूक नसते. म्हणून चौथ्या उपग्रहाची मदत घेऊन तो आपल्या घड्याळाची चूकही सुधारून घेतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपले गाणे कोणकोणत्या घरी ऐकले जात आहे, हे आकाशवाणी केंद्रास कळत नाही. त्याचप्रमाणे आपला संदेश कोणी ऐकला व तो कोठे उभा आहे, याची उपग्रहाला मुळीच वार्ता नसते. फोन केवळ ऐकतो आणि मनातल्या मनात गणित करतो. उत्तर त्याच्यापाशीच राहते.

मग आपला ठावठिकाणा दुसऱ्यास कळतो तो कसा? फोनवर आपण जी ॲप घेतो, त्यांपैकी एखादे ॲप ते उत्तर इंटरनेटवरून दूर ठेवलेल्या कोणा संगणकास कळविते, म्हणून. कधी कधी हे कळविणे सर्वांच्या हिताचे असते. कोणत्या रस्त्यावर गाड्यांची दाटी झाली आहे, हे नकाशाचे ॲप आपणांस सांगते. त्या रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळ लोकांचे फोन आपला वेग कळवीत असतात, म्हणूनच त्याला ते सांगता येते. येथे प्रत्येक जण थोडे देतो आणि सर्वांस त्याचा लाभ होतो.

परंतु सर्वच ॲप अशी सरळ नसतात. अमेरिकेत अँड्रॉइड फोनसाठी विजेरीचे एक ॲप निघाले होते. फोनचा दिवा लावावयाचा, एवढेच त्याचे काम. ते फुकट मिळे. त्यामुळे कोट्यवधी वेळा लोकांनी ते आपल्या फोनवर उतरवून घेतले. हे ॲप वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातींचा व्यवसाय करणाऱ्यांना परस्पर पाठवीत असे. नियम मान्य आहेत की नाहीत, असे विचारणारी पाटी पडद्यावर येई खरी. परंतु तिच्यावर बोट ठेवण्यापूर्वीच माहिती निघून गेलेली असे. फेडरल ट्रेड कमिशन या तेथील सरकारी आयोगाने २०१३ साली ही गोष्ट उघडकीस आणली आणि जमविलेली माहिती नष्ट करावयास लावली.

दिवा लावण्यासाठी तुम्ही कोठे आहात, हे कळण्याची काय आवश्यकता? मुळीच नाही. पण कोण कोठे जातो हे ज्याला कळते, त्याला कोणापुढे कोणती जाहिरात ठेवावी हेही कळते, आणि त्यातून पैसा मिळतो. शिवाय आठवडाभराच्या ठावठिकाण्याची नोंद म्हणजे मनुष्याची जणू रोजनिशीच होय. फोन रात्री जेथे असतो ते घर, दुपारी जेथे असतो ती शाळा आणि घरात कोणी आजारी असता जेथे वारंवार जातो तो दवाखाना. आपली रोजनिशी कोणा परक्याच्या हाती जावी, असे तुम्हांला वाटेल काय?

पूर्वी अँड्रॉइड फोनवर ॲप घेताना त्याने मागितलेल्या सर्व परवानग्या एकदम द्याव्या लागत. न दिल्यास ॲपच मिळत नसे. २०१५ साली सहाव्या आवृत्तीपासून ही रीत बदलली. तेव्हापासून महत्त्वाच्या परवानग्या निरनिराळ्या आणि गरज पडेल त्या वेळी विचारल्या जाऊ लागल्या. दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन परत घेण्याचीही सोय झाली. आपल्या देशातही या प्रश्नाचा विचार झाला आहे. खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांची अथवा पालकांची संमती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

असे असले, तरी पडद्यावर प्रश्न उमटतो तेव्हा शेजारी न्यायाधीश उभे नसतात. उत्तर आपले आपणच द्यावयाचे असते. त्यासाठी एक साधी कसोटी पुरे आहे. खिडकी दुरुस्त करावयास आलेला सुतार कपाटाची किल्ली मागू लागला, तर आपण त्याला ‘कशासाठी?’ असे विचारतो. ॲपलाही मनातल्या मनात हेच विचारावे. नकाशाला जागा कळली पाहिजे आणि छायाचित्राच्या ॲपला कॅमेरा मिळाला पाहिजे, हे योग्यच आहे. परंतु खेळाच्या ॲपला फोनमधील नावे आणि क्रमांक कशाला हवेत?

हा शेवटचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा आहे. ती नावे व ते क्रमांक तुमचे नव्हेत. आजोबा, मावशी, शिक्षक, शेजारचे काका, वर्गातील मित्र अशा अनेकांनी विश्वासाने ते तुमच्या घरी ठेवावयास दिलेले आहेत. फोन आईचा असो वा वडिलांचा, तो तुमच्या हाती असता ‘परवानगी द्या’ या शब्दांवर तुम्ही बोट ठेवलेत, तर या सर्वांच्या वतीने तुम्हीच उत्तर दिल्यासारखे होते. आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. म्हणून मोठ्या माणसांना सोबत घेऊन एकदा फोनचे सेटिंग उघडा, आणि कोणत्या ॲपला काय काय देऊन ठेवले आहे ते पाहा. ज्याला जे नको, ते त्याच्याकडून परत घ्या.