फुटपाथखाली पुरलेले कर्ज

ज्या काळात गावात वीज आली नव्हती, किंवा आली तरी तिचा भरवसा नव्हता, त्या काळात लग्नाची वरात असो, उरूस असो की मोहरमची मिरवणूक, डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली माणसे पुढे चालत. आपल्या घरातल्या दादी-नानींना विचारा, त्यांना ती बत्ती नक्की आठवेल. काचेच्या आत एक पांढरी जाळीदार पिशवी बांधलेली असे. तिला मेंटल म्हणत. पहिल्यांदा पेटवली की तिचे कापड जळून जाई आणि मागे नाजूक राखेची जाळी उरे. बोट लागले तरी तिचा चुरा होई, पण तीच राख तापली की डोळे दिपत. मुलांनी मेंटलला हात लावला की मोठी माणसे रागावत, कारण मेंटल पैसे देऊन आणावे लागे. हात न लावण्याचे दुसरेही एक कारण होते, पण ते घरात कुणालाच माहीत नव्हते.

ते कारण म्हणजे थोरियम. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा शोध लावला की, 99 भाग थोरियम आणि 1 भाग सेरियम यांच्या क्षारात भिजवलेले कापड जाळले तर उरलेली राख लख्ख प्रकाश देते. थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे, म्हणजे त्याचे अणू आपोआप फुटतात आणि त्यातून किरण बाहेर पडतात. तो मिळतो मोनाझाइट नावाच्या वाळूतून. मेंटलच्या कारखान्यांना ही वाळू पुरविणाऱ्या जगातल्या दोन मोठ्या जागा म्हणजे ब्राझीलचा किनारा आणि आपल्या त्रावणकोरचा, म्हणजे आजच्या केरळचा किनारा. पुढे स्वतंत्र भारतात 1955 साली मुंबईच्या तुर्भे येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला आणि देशातल्या मेंटल बनविणाऱ्यांना तिथून माल मिळू लागला.

एका मेंटलमधले थोरियम अगदी थोडे असते. पण जिथे लाखो मेंटल तयार होत, तिथे काय झाले, हे अमेरिकेतल्या शिकागो शहराकडे पाहिले की समजते.

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी स्ट्रीटरव्हिल नावाचा भाग आहे. आज तिथे उंच इमारती, हॉटेले आणि मोठे रुग्णालय आहे. पण ही जमीन पूर्वी नव्हतीच. सरोवरात भराव टाकून ती तयार केली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत याच भागात लिंडसे लाइट कंपनी गॅसचे मेंटल बनवत होती. मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया करून थोरियम काढले की मागे वाळूचा आणि गाळाचा ढीग उरे. तो दिसायला साध्या मातीसारखाच. आसपासच्या सखल जागा भरायला माती हवीच होती. त्या मातीबरोबर कारखान्याचा उरलेला मालही जमिनीत गेला. त्यावर रस्ते झाले, फुटपाथ झाले, गाड्या लावण्याचे मैदान झाले. कारखाना शहराबाहेर वेस्ट शिकागो या गावी गेला आणि लोक सगळे विसरून गेले.

थोरियम मात्र विसरत नाही. त्याची निम्मी मात्रा संपायला सुमारे 1,400 कोटी वर्षे लागतात. साठ-सत्तर वर्षे त्याच्या हिशेबी काहीच नाहीत. 1993 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्ट्रीटरव्हिलमधल्या जुन्या कारखान्याच्या जागी मोजणी केली, तेव्हा जमिनीखालून किरण येत असल्याचे दिसले. पुढच्या काळात शेजारचे भूखंडही तपासले गेले. सरोवराकाठच्या, ड्यूसाबल पार्कसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतही हीच माती निघाली.

आता प्रश्न असा की, अशी माती साफ कशी करायची? इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घाण पाणी गाळता येते, जंतू उकळून मारता येतात. पण थोरियम जाळून, धुऊन किंवा औषध टाकून संपत नाही. त्याचा किरणोत्सर्ग बंद करण्याची युक्ती कुणाकडेही नाही. म्हणून उपाय दोनच. एक तर माती उचलून सुरक्षित ठिकाणी न्यायची, नाहीतर ती आहे तिथेच झाकून ठेवायची आणि तिची नोंद पिढ्यान्पिढ्या सांभाळायची.

उचलण्याचे काम धीराचे असते. आधी रस्त्याचा वरचा थर काढतात. मग थोडे खणायचे, गॅमा किरण मोजणारे यंत्र त्या थरावरून फिरवायचे, आकडा लिहायचा आणि मगच पुढे खणायचे. आकडा वाढला की काम थांबते. माती ओली ठेवतात, कारण खरा धोका धुळीत आहे. थोरियमचे मुख्य किरण इतके दुबळे की ते कातडीही भेदू शकत नाहीत. पण धूळ श्वासाबरोबर आत गेली तर ते कण फुप्फुसात आणि हाडांत वर्षानुवर्षे राहतात आणि कर्करोगाचा धोका वाढवतात. म्हणून कामगारांच्या आसपासची हवाही तपासली जाते. दूषित माती बंद करून परवाना असलेल्या दूरच्या जागी पाठवतात. वेस्ट शिकागोची माती तर आगगाडीने युटा राज्याच्या वाळवंटी भागात नेण्यात आली. खड्ड्याच्या तळाची माती प्रयोगशाळेत तपासून घेतली, की मगच स्वच्छ माती भरून फुटपाथ पुन्हा बांधायचा.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ? शिकागोसाठी मर्यादा ठरली ती एका ग्रॅममागे 7.1 पिकोक्युरी रेडियमची. सोप्या भाषेत, एक ग्रॅम मातीत मिनिटाला साधारण 16 अणू फुटण्याइतकी. रेडियम मोजतात, कारण थोरियमचे अणू फुटत जाताना त्यातूनच ते तयार होते. यातले 2.1 पिकोक्युरी तर तिथल्या मातीत निसर्गतःच आहेत. कोणतीही माती किरणोत्सर्गापासून पूर्ण मुक्त नसते. मोजणी करायची ती घाबरण्यासाठी नव्हे, नेमके किती आणि कुठे आहे ते कळण्यासाठी.

रस्त्याखालची अडचण मात्र वेगळीच आहे. तिथे पाण्याची पाइपलाइन, गॅसची नळी, विजेच्या तारा, गटारे असतात. सगळा रस्ता एकदम उकरता येत नाही. म्हणून काही ठिकाणी माती तशीच राहिली. वर डांबर आणि सिमेंट असेपर्यंत चालणाऱ्या माणसाला तिचा उपद्रव नाही. धोका उभा राहतो तो कुणीतरी नळ दुरुस्तीसाठी खोदतो त्या दिवशी. त्यासाठी शहराने नियम केला की, या भागात खोदायचे असेल तर किरण मोजणारा जाणकार माणूस हजर हवा. म्हणजे शेवटी त्या खोदणाऱ्या कामगाराचे रक्षण एका नोंदीवर अवलंबून आहे. कागद हरवला तर धोका पुन्हा पहिल्या जागी.

आणि पैसे कुणी द्यायचे? लिंडसेचा कारभार पुढे कर-मॅगी या मोठ्या कंपनीकडे गेला. तिने साफसफाईची जुनी देणी ट्रोनॉक्स या नव्या कंपनीच्या गळ्यात बांधली आणि मौल्यवान व्यवसाय वेगळा ठेवला. 2009 साली ट्रोनॉक्स दिवाळखोरीत गेली. प्रकरण न्यायालयात गेले. देणी टाळण्यासाठीच ही वाटणी केली गेली, असा ठपका आला, आणि 2014 साली 515 कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या पैशांतून देशभरातल्या अनेक दूषित जागांच्या सफाईची सोय झाली.

बाप कर्ज ठेवून गेला तर वाटणीआधी ते फेडायचे, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. जमिनीत पुरलेली घाण हेही कर्जच आहे. फरक इतकाच की त्याचा सावकार म्हणजे अजून जन्माला न आलेली मुले.

हा प्रश्न फक्त परदेशातला नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाचे जुने यंत्र लिलावातून आले. त्यात कोबाल्ट-60 होते. भंगारात काम करणारा एक तरुण त्यात दगावला, इतर काही जण आजारी पडले. ती जागा शोधून साफ करायला अणुऊर्जा खात्याची माणसे गेली. आपल्यातली कितीतरी कुटुंबे भंगाराच्या धंद्यावर जगतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, किंवा आकाराच्या मानाने फारच जड धातूचे बंद भांडे मिळाले, तर ते फोडू नये, खिशात ठेवू नये. लांब व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

घरात अजून जुनी गॅसबत्ती असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मेंटल मोकळ्या हवेत बदला, पहिल्यांदा पेटवताना धुरापासून दूर राहा, फुटलेली राख फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा. मुलांना तिच्याशी खेळू देऊ नका.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हा इमानचा भाग आहे, ही शिकवण आपण लहानपणी काटा आणि दगड यांच्यासाठी ऐकली. शिकागोचे उदाहरण सांगते की काही काटे फुटपाथच्या खालीही असतात. आपल्या मोहल्ल्यात भराव पडत असेल तर तो कुठून आला आणि त्यात काय आहे, हे विचारायला संकोच करू नये. आज विचारलेला एक प्रश्न आणि लिहून ठेवलेली एक नोंद, उद्या खड्ड्यात उतरणाऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या कामी येईल.