शहाड परिसरातील स्थलांतरित समाज
ठाणे जिल्ह्यात कल्याणनजीक वसलेल्या शहाडच्या परिसरात दोन भिन्न स्थलांतरित समाज स्थिरावले. १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. मालमत्ता सिंधमध्येच राहिली, व्यापाराचा वारसा मात्र सोबत आला. दावे मान्य झालेल्यांना १९५४ च्या अधिनियमानुसार नुकसानभरपाई मिळाली. परतण्यास गाव नसल्याने नफा येथील दुकानांत व लघुउद्योगांत गुंतला. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात कामासाठी परगावाहून आलेल्या कामगाराची स्थिती निराळी. त्याला ठराविक वेतन मिळे, पण त्यातील काही भाग मनीऑर्डरीने गावी जाई. म्हणून केवळ येथील मालमत्तेवरून उभयतांची तुलना करणे फसवे ठरते. कामगाराची बचत बहुधा गावच्या घरात, विहिरीत वा बहिणीच्या लग्नात खर्ची पडलेली असे.