आजव्याची मगर आली कुठून?

बडोद्यातल्या पाण्याचा विषय निघाला, की आपल्या मंडळातली चर्चा सुरसागर, आजवा, विश्वामित्री असं करत शेवटी मगरीवर येऊन थांबते. प्रत्येकाकडे एकेक मगर असतेच. कुणाच्या आजोबांनी आजव्याच्या पाळीवरून होडीएवढी पाहिलेली असते, कुणी ऐकलेलं असतं की तळाशी एक शंभर वर्षांची बसली आहे. मग ठरलेला प्रश्न येतो: ह्या मगरी इथे आणल्या कुणी? मी पेशाने इंजिनिअर, इतिहास मागाहून आणि आपला आपणच शिकलो. दंतकथाही मी पंपासारखी खोलून बघतो. कुठला भाग काय काम करतो ते कळलं, की अर्धं कोडं सुटतं.

बडोद्यात तीन कथा चालतात. पहिली: महाराजांनी आजव्यात मगरी सोडल्या, म्हणजे पिण्याच्या पाण्यात कुणी उतरणार नाही. दुसरी: पुराच्या वेळी कमाटी बागेतल्या प्राणिसंग्रहालयातून त्या निसटल्या आणि नदीत वाढल्या. तिसरी कथा फार कुणी सांगत नाही, कारण तिच्यात मजा नाही: मगरी इथल्याच आहेत.

आधी जागा नीट समजून घेऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हाती 1881 साली पूर्ण अधिकार आले. त्यानंतर काहीच वर्षांत, सूर्या नदी अडवून आजव्याचा तलाव बांधायला सुरुवात झाली आणि 1892 च्या सुमारास त्याचं पाणी शहराच्या नळांना आलं. तलावाची पातळी शहरापेक्षा उंच, म्हणून पाणी उताराने आपोआप वाहत येतं. जादा पाणी 62 दरवाजांवरून सुटतं, ते सूर्येतून विश्वामित्रीला मिळतं आणि विश्वामित्री भर शहरातून, कमाटी बागेच्या मधून, काळा घोडा पुलाखालून जाते. म्हणजे तलाव, नदी आणि शहर हे एकाच नळाचे तीन तुकडे आहेत. एका तुकड्यातला प्राणी दुसऱ्यात गेला, तर त्यात नवल काहीच नाही.

आता पहिली कथा तपासू. महाराजांनी मगरी सोडल्या असं घटकाभर धरलं, तरी त्यामुळे कोडं सुटत नाही. आपली मगर, म्हणजे गोड्या पाण्यातली मगर, इराणच्या बलुचिस्तानापासून भारत, नेपाळ, श्रीलंकेपर्यंतची मूळ रहिवासी. जवळच्या चरोतर भागात, सोजित्रा तालुक्यातल्या मलातजसारख्या गावांत, ती गावतळ्यांत माणसांच्या शेजारी राहते. तिथे कुणी महाराज तिला सोडायला गेले नव्हते. मग आजूबाजूला सगळीकडे असलेला प्राणी फक्त विश्वामित्रीत नव्हता, असं का मानायचं? दुसऱ्या कथेचंही तेच. बाग 1879 ची, नदी तिच्या कितीतरी आधीची. पिंजऱ्यातून निसटलेल्या दोन-चार मगरींनी वस्तीत भर घातली असेल, पण सबंध नदी वसवायला त्यांची गरज नव्हती.

नदीने मात्र खूप काही पुरवलं. विश्वामित्रीचे काठ गाळाच्या मऊ मातीचे, खोल कोतरांचे. मगरीला त्यात बीळ खणता येतं. उन्हाच्या काहिलीत ती तिथे पडून राहते, थंडीत बाहेर येऊन ऊन खाते. उन्हाळ्याच्या तोंडावर काठाच्या उंच, कोरड्या मातीत खड्डा करून मादी पंचवीस-तीस अंडी घालते आणि पावसाच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. त्यात शहराने आपली भर घातली: बारमाही सांडपाणी, काठावर टाकलेली मेलेली गुरं, डुकरं, कुत्री. उन्हाळ्यात आटणारी नदी आपण आटू दिली नाही आणि वर ताटही वाढून ठेवलं. माझ्या मते खरं कोडं 'मगर आली कशी' हे नाहीच. 'ती टिकली कशी' हे आहे, आणि उत्तरात आपण सगळे आहोत.

इथे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तलावराक्षसाची आठवण येते. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तलावात 1933 पासून एक अजस्र प्राणी दिसतो म्हणतात. 1934 चा लांब मानेचा फोटो जगभर गाजला. तो खेळण्यातल्या पाणबुडीवर डोकं चिकटवून काढला होता, हे 1994 साली उघड झालं. 1987 मध्ये होड्यांची रांग लावून ध्वनियंत्राने तलाव चाळला. 2018 मध्ये तर पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा पत्ता नाही, सापडल्या त्या वाम माशाच्या भरपूर खुणा. बघा, तिकडे नसलेल्या प्राण्याला नव्वद वर्षं शोधताहेत. आपल्याकडे असलेला प्राणी दिवसाढवळ्या काठावर झोपलेला असतो आणि आपण त्याच्याविषयी दंतकथा सांगत बसतो.

'होडीएवढी मगर' ह्याचाही हिशेब करता येतो. मगर पाण्यात असते तेव्हा वर फक्त डोळे आणि नाकपुड्या दिसतात, बाकीची लांबी बघणाऱ्याचं मन भरून काढतं. अमेरिकेतल्या मगरीच्या भाऊबंदांसाठी एक ठोकताळा वापरतात: डोळ्यांपासून नाकपुडीपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी. आपल्या मगरीला तो तंतोतंत लागू होईल असं नाही, पण अंदाजाला लगाम बसतो. मोठा नर चार मीटरच्या पुढे जाऊ शकतो. ते पुरेसं मोठं आहे, त्याला आणखी वाढवायची गरज नाही.

आणि मोजदाद? ती रात्री होते. टॉर्चचा झोत टाकला की मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, जोडी-जोडीने मोजायचे. दिवसा ऊन खाणाऱ्या मोजतात, आता वरून ड्रोनही फिरवतात. 2025 च्या सुरुवातीला झालेल्या गणनेत विश्वामित्रीत सुमारे 440 मगरी धरल्या गेल्या. इतक्या मोठ्या शहराच्या पोटात इतक्या मगरी, असं उदाहरण जगात फार सापडणार नाही.

आपल्या जुन्या लोकांनी भीती आणि आदर दोन्ही जपले. गजेंद्रमोक्षातला नक्र घराघरांत माहीत असतो, पण गुजरातेत खोडियार मातेचं वाहनही मगरच. भाषेतही गंमत आहे. मराठी माणूस म्हणतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. गुजराती म्हणतो, 'पाणीमां रहेवुं ने मगर साथे वेर?' आपण बडोदेकर मराठी, दोन्ही म्हणी घरात वापरतो. मला वाटतं, इथल्या नदीला गुजराती म्हणच जास्त लागू पडते.

कारण हा नुसता गमतीचा विषय नाही. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं, अर्धं शहर बुडालं आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. 2019 च्या पुरातही तेच झालं होतं. एरवीही नदीकाठी माणसं दगावतात. बहुधा ती कपडे धुणारी, गुरं पाण्यावर नेणारी, ज्यांना दुसरा घाट नाही अशी माणसं असतात. 'महाराजांनी सोडलेला राक्षस' म्हटलं की दोष शंभर वर्षांपूर्वीच्या माणसावर जातो आणि आजच्या काठाकडे कुणी बघत नाही.

पुरानंतर नदी रुंद करणं, गाळ काढणं सुरू झालं. पाण्याला वाट हवी, हे मला इंजिनिअर म्हणून पूर्ण पटतं. पण काठ सरसकट काँक्रीटचा केला, तर बिळं आणि अंड्यांच्या जागा जातील. मगर मात्र जाणार नाही, ती गटाराच्या तोंडाशी आणि आपल्या कंपाउंडला येईल. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: अंड्यांच्या महिन्यांत त्या काठांवर यंत्रं नकोत, मेलेलं जनावर नदीत नको आणि धुण्याच्या घाटांना जाळीचं कुंपण हवं. ह्यातल्या कुठल्याच कामाला मगर आणली कुणी हे ठरेपर्यंत थांबायला नको.