भिलाईचा उन्हाळा आणि मोटारीचे कूलंट : योग्य निवड कशी करावी?

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीचे कवच वितळू नये, म्हणून त्यातून अखंड पाणी खेळवावे लागते. मोटारीच्या इंजिनाचेही तत्त्व तेच आहे. फरक एवढाच, की मोटारीत काही लिटर द्रवच पुन्हा पुन्हा फिरत राहतो. म्हणून तो द्रव कोणता, याला महत्त्व येते.

भिलाईत मे महिन्यात तापमान अनेकदा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच शहरातून जातो. उन्हाळी सुट्टीत विदर्भातून छत्तीसगडमध्ये येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गाड्याही याच उन्हात धावतात.

पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला?

कूलंट हे बर्फाळ प्रदेशासाठीच असते, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. कूलंटमध्ये मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये असतात. ग्लायकॉलमुळे द्रवाचा गोठणबिंदू खाली जातो, तसाच उत्कलनबिंदू वर जातो. रेडिएटरच्या झाकणामुळे आतील दाब वातावरणापेक्षा सुमारे एक बारने अधिक असल्यास साधे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असलेले मिश्रण १२९ अंशांच्या आसपास. घाटात किंवा वाहतूक कोंडीत हा फरक निर्णायक ठरतो.

उष्ण प्रदेशात त्याहून मोलाची असतात ती गंजरोधक द्रव्ये. अॅल्युमिनियम, ओतीव लोखंड, तांबे व रबर यांच्या संपर्कात साधे पाणी राहिले, की गंज चढतो. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो आणि इंजिन तापू लागते.

रंगावर जाऊ नये

हिरवे, लाल, निळे, गुलाबी असे कूलंट बाजारात मिळते. मात्र रंग हा केवळ मिसळलेला असतो. त्याला सर्वमान्य प्रमाण नाही. महत्त्वाचा असतो तो गंजरोधकांचा प्रकार. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी अकार्बनी द्रव्ये असतात व ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे लागते. सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट सामान्यतः पाच वर्षे किंवा अधिक काळ टिकते. तिसरा प्रकार दोहोंचा मेळ घालणारा आहे. भिन्न प्रकार एकत्र केल्यास संरक्षण घटते व काही वेळा गाळही तयार होतो.

त्यामुळे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत नमूद केलेला प्रकार पाहूनच खरेदी करावी. डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या मानकाचा उल्लेख आहे का, हे तपासावे.

तयार की सांद्र?

तयार मिश्रणात पाणी घालावे लागत नाही. सांद्र कूलंट मात्र पुस्तिकेतील प्रमाणात निःक्षारित किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळावे. अनेक गाड्यांसाठी हे प्रमाण निम्मे-निम्मे असते. थंडी नसलेल्या भागांसाठी काही उत्पादक ३० टक्के कूलंटही पुरेसे मानतात. जास्त ग्लायकॉल म्हणजे अधिक गारवा, असे नाही. शुद्ध ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ६० टक्केच असते. म्हणून सांद्र कूलंट तसेच ओतणे चुकीचे आहे.

सावधगिरी

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव उसळून गंभीर भाजू शकते. तापमापकाचा काटा वर चढल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड झाल्यावरच पातळी पाहावी. वाटेत दुसरे काही न मिळाल्यास स्वच्छ पाणी घालून पुढे जाता येते, परंतु घरी पोहोचल्यावर संपूर्ण द्रव बदलून घ्यावा. पातळी वारंवार घटत असेल, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. केवळ भर घालत राहू नये.

एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. थोड्या प्रमाणातही ते मुले व पाळीव प्राणी यांच्या जिवावर बेतू शकते. डबा बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, जमिनीवर सांडलेला द्रव लगेच धुऊन काढावा आणि जुने कूलंट गटारात न ओतता गॅरेजमध्ये जमा करावे. चुकून पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उन्हाळ्यापूर्वी पातळी, होज पाइप, झाकण आणि शेवटच्या बदलाची तारीख एवढे तपासले, तरी भर उन्हात रस्त्यावर अडकण्याचा प्रसंग बहुधा टळतो.