'कवि' की 'कवी'?

बोरसीत, म्हणजे भिलाईच्या हिंदी मुलखात, शिकणारं मराठी मूल 'कवि', 'गुरु' लिहितं आणि घरची मोठी माणसं वैतागतात: व्याकरण कच्चं! पण ही व्याकरणाची चूक नव्हे. व्याकरण म्हणजे भाषेची घडण. शुद्धलेखन हा लिहिण्याचा ठरवलेला संकेत. आमटीत गूळ घालायचा की नाही, तशी ही ज्या-त्या घरची रीत. तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द हिंदीत मुळाप्रमाणे ऱ्हस्वान्त राहतात. मराठीत मात्र साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार शेवटचा इकार-उकार दीर्घ होतो. 'परंतु', 'तथापि' ही अव्ययं त्याला अपवाद. गंमत पुढेच आहे. समासात (जोडशब्दात) मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविराज, गुरुदक्षिणा. 'गुरूदक्षिणा' ही खरी चूक. ती हिंदी शाळेतल्या मुलापेक्षा आपल्याच हातून जास्त होते.