बाकावरची चार वर्षं

जून १९९६ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सनी जर्मेन ओ'नीलला निवडलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाचा, सहा फूट अकरा इंच उंचीचा, नुकतंच हायस्कूल संपवलेला मुलगा. कॉलेजात न जाता तो थेट एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आला. (आता तसं करता येत नाही. २००६ च्या ड्राफ्टपासून वय किमान एकोणीस लागतं.) त्या डिसेंबरात तो पहिल्यांदा कोर्टवर उतरला, तेव्हा एनबीएत इतक्या लहान वयात आधी कुणीच खेळलेलं नव्हतं.

आम्ही त्या वर्षांत पोर्टलंडला लागून असलेल्या बीव्हर्टनमध्ये राहायचो. शहरात व्यावसायिक खेळाचा मोठा संघ तो एकच. त्यामुळे ब्लेझर्सची चर्चा दुकानात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे चालायची. मी सोलापूरला शाळेच्या आणि पुढे कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळले होते. परक्या गावात ओळखी व्हायला मला त्याचा फार उपयोग झाला. जर्मेनचा विषय निघाला की दोन तट पडायचे. एखाद्या रात्री तो समोरच्याचा फटका हवेतच अडवायचा आणि सगळे म्हणायचे, हा उद्याचा मोठा खेळाडू. पुढच्या सामन्यात उगाच फाउल, चुकीच्या जागी उभा, हातातला चेंडू निसटलेला. "पोरगा गुणी आहे, पण भरवसा नाही," हे वाक्य मी तेव्हा किती जणांकडून ऐकलं!

हा भरवसा येतो कुठून, ते नीट पाहायला हवं. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. पोर्टलंडमधल्या चौथ्या हंगामात जर्मेन सामन्यामागे सरासरी बारा मिनिटं खेळला, म्हणजे पाव सामना. त्यात साधारण चार गुण आणि तीन रिबाउंड. पुढच्या वर्षी तो इंडियाना पेसर्सकडे गेला. तिथे मिळाली ३३ मिनिटं. गुण तेरा, रिबाउंड दहा. आता हिशेब करा. पोर्टलंडमधल्याच वेगानं तो ३३ मिनिटं खेळला असता, तर साडेदहा गुण आणि नऊ रिबाउंड झालेच असते. म्हणजे इंडियानातला बराचसा खेळाडू पोर्टलंडच्या बाकावर आधीपासून बसलेला होता. त्याच्या पुढच्या हंगामात तर तो १९ गुणांवर पोचला, लीगमध्ये सर्वाधिक सुधारणा करणारा खेळाडू ठरला आणि २००२ ते २००७ असा सलग सहा वेळा ऑल-स्टार झाला.

बाकावरून पाच मिनिटांसाठी उठणं काय असतं, ते मला माहीत आहे, कारण मी बहुतेक वेळ राखीवच असायचे. अंग थंड असतं. समोरचे पाचजण खेळात रंगलेले असतात. एक चेंडू हुकला की नजर आपोआप कोचकडे जाते. मग पुढचा फटका मारावासा वाटला तरी हात आखडतो. बाहेरच्यांना तो खेळाडू बेभरवशाचा दिसतो. रोज पंचवीस-तीस मिनिटं खेळणाऱ्याच्या तेवढ्याच चुका होतात, पण त्या भरून काढायला त्याच्याकडे अख्खा सामना असतो. उंच खेळाडूंना तर हा वेळ जास्तच लागतो. बास्केटखालची जागा, धक्काबुक्की, पंच कधी फाउल देतात याचा अंदाज, हे सरावात शिकता येत नाही.

पोर्टलंडची बाजूही खरी होती. जर्मेनच्या पुढे रशीद वॉलेस, ब्रायन ग्रँट आणि सात फूट तीन इंचांचा अर्विदास साबोनिस असे तिघे होते. मालक पॉल ॲलन यांना लगेच अजिंक्यपद हवं होतं. जून २००० मध्ये ते हाताशी आलंही होतं. लेकर्सविरुद्धच्या विभागीय अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये ब्लेझर्स पंधरा गुणांनी पुढे होते, आणि ८९-८४ असे हरले. त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. लेकर्सच्या शॅकिल ओ'नीलला थोपवेल असा दांडगा माणूस हवा, असं संघानं ठरवलं आणि ऑगस्टमध्ये जर्मेनच्या बदल्यात इंडियानाकडून डेल डेव्हिस आणला. डेव्हिस चांगलाच होता, त्याच वर्षी ऑल-स्टार झालेला. पण तो एकतीस वर्षांचा होता आणि जर्मेन एकवीस.

मला राग आला तो यासाठी, की संघानं १९९९ मध्ये जर्मेनशी नवा करार केला होता. म्हणजे विश्वास होता. पैसे दिले आणि मिनिटं दिली नाहीत. गुणी पण चंचल तरुण खेळाडू ठेवावा का, असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन: एक हंगाम ठरावीक मिनिटं द्या, चुकला तरी लगेच उठवू नका, आणि मग ठरवा. उत्तर नकारार्थीही येऊ शकतं. क्वामे ब्राउनला वॉशिंग्टननं २००१ मध्ये सगळ्यांत आधी निवडलं. तिसऱ्या हंगामात त्याला तीस मिनिटं मिळाली, आणि तो अकरा गुण, सात रिबाउंडांच्या आसपासच राहिला. २००५ मध्ये संघानं त्याला सोडलं, ते पारखून सोडलं. बोस्टननं मात्र चॉन्सी बिलप्सला १९९७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडून अवघ्या ५१ सामन्यांत टोरांटोला देऊन टाकलं. तेवढ्यात काय कळणार?

२००४ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत इंडियाना आणि डेट्रॉइट समोरासमोर आले. इंडियानानं त्या हंगामात ६१ सामने जिंकले होते आणि त्यांचा आधारस्तंभ जर्मेन होता. डेट्रॉइटकडून बिलप्स खेळत होता, आणि ज्याच्यामागे जर्मेन चार वर्षं थांबला तो रशीद वॉलेसही. डेट्रॉइटनं ती मालिका ४-२ अशी जिंकली, मग लेकर्सनाही हरवलं, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बिलप्स. पोर्टलंड डेव्हिसला घेऊन २००१ आणि २००२ मध्ये पहिल्याच फेरीत लेकर्सकडून ३-० असं हरलं, २००३ मध्ये डॅलसकडून. २००४ मध्ये तर सलग २१ हंगामांनंतर पहिल्यांदाच ते प्लेऑफमध्ये नव्हतं.